वडिलांच्या पश्चात देवगडची बाग: विकावी, कराराने द्यावी की स्वतः करावी?

विचारणारे डोंबिवलीत नोकरीला आहेत. वडील चैत्रात गेले. देवगड तालुक्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, त्यांनी लावलेली १२० हापूस कलमं आहेत, बहुतेक ३५ वर्षांच्या आसपासची. आई गावच्या घरात एकटी. एक जण बाग ३ वर्षांच्या कराराने मागतोय, पैसे एकरकमी द्यायला तयार आहे. दुसऱ्याला जमीनच विकत हवी आहे. ‘मला शेतीतलं काहीच येत नाही, आई म्हणते विकू नको. पाऊस तोंडावर आलाय. काय करू?’ असा त्यांचा प्रश्न.

जमीन यंदा विकू नका आणि करारावर आत्ता सही करू नका. जमीन पुढच्या वर्षीही विकता येईल, गिऱ्हाईक कुठे जात नाही. करार मात्र पाऊस लागायच्या तोंडावर करून घ्यायची घाई समोरच्याला का आहे, ते आधी समजून घ्या. ते खाली सांगते.

मी १९९१ साली लग्न होऊन या भागात आले. माहेर घाटावरचं, ऊस नि ज्वारीचं. आंब्याचं झाड म्हणजे बांधावरचं एक झाड, उन्हाळ्यात आपोआप आंबे देणारं, एवढंच मला ठाऊक. कलमांतलं जे काही येतं ते सासऱ्यांनी शिकवलं. पहिल्याच मे महिन्यात मी मान वर करून आंबे बघत उभी होते, तर ते म्हणाले, ‘‘कलमाक वरसून बघू नको गो, खालसून बघ. वर फक्त आंबे दिसतत.’’ तेव्हा मला वाटलं, आंब्याच्या झाडावर आंबे नाही बघायचे तर काय बघायचं? पुढे १० वर्षं गेली तेव्हा त्याचा अर्थ कळला. मे महिन्यातला आंबा हे झाडाचं जुनं काम असतं. झाड आज कसं आहे, ते खोड, बुंध्याजवळची माती आणि आतल्या फांद्या सांगतात. आणि ते बघायची वेळ म्हणजे पावसाळा, जेव्हा बागेत कोणी येत नाही.

तुमची कलमं ३५ वर्षांची म्हणजे १९९० च्या सुमाराची. त्याच वर्षी रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली आणि कोकणातले कितीतरी ओसाड सडे हिरवे झाले. तुमच्या वडिलांनी योजनेतून लावली की पदरमोड करून, ते आईला विचारा. पण कातळावर कलम लावणं म्हणजे काय असतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. जांभ्या दगडात सुरुंगाने खड्डा फोडायचा, खालच्या मळ्यातून टोपलीने माती डोक्यावर वाहून आणून तो भरायचा, पहिले तीन-चार उन्हाळे कळशीने पाणी घालायचं, गुरांनी खाऊ नये म्हणून भोवती दगडांचा गडगा रचायचा. अशा १२० खड्ड्यांची किंमत जमिनीच्या भावात धरलेली नसते. म्हणून विक्रीचं उत्तर मी एवढ्यात संपवते. विकायला माझी हरकत नाही. पण बाग ओळखल्याशिवाय विकलीत तर तुम्ही कातळाच्या भावाने माती विकाल.

आता करार. या विषयावर मी लांबण लावणार आहे, कारण इथे मी स्वतः फसले आहे.

२०१२ साली यजमान आजारी पडले आणि आम्ही वरच्या सड्यावरची ४० कलमं ३ वर्षांच्या कराराने दिली. पैसे लागणारच होते. पहिल्या वर्षी झाडं मोहोराने पांढरी झाली. लोक बघायला येत. दुसऱ्या वर्षीही बरा आंबा आला. तिसऱ्या वर्षी करार संपून बाग ताब्यात आली तेव्हा मी पहिल्यांदा खालसून बघितलं. पालवी बोटभर लांबीचीसुद्धा नव्हती, पानं टोकाला एकाच ठिकाणी गुच्छासारखी जमलेली, लहान, जाड. शेंड्याकडून काटक्या वाळत आलेल्या. कित्येक खोडांची साल उभी तडकलेली. ७ कलमं मेली. बाकीची खरड छाटून पुन्हा उभी करायला ५ वर्षं गेली.

हे झालं कल्टारने. कल्टार म्हणजे पॅक्लोब्युट्राझॉल. ते स्वतः विष नाही, त्याला दोष देऊ नये. झाडात वाढीचं जे संजीवक तयार होतं, जिब्रेलिन, त्याला ते अडवतं. पालवीवर जाणारी ताकद मग मोहोराकडे वळते. हापूसला एका वर्षी धरायचं आणि पुढच्या वर्षी रुसायचं ही खोड असते. त्यावर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने हा उपाय बसवून दिला आणि मापात वापरला तर तो उपयोगाचा आहे. माप असं: झाडाचा घेर, म्हणजे फांद्यांच्या पसाऱ्याची रुंदी, पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर मोजून सरासरी काढायची आणि दर मीटरला ३ मिली. म्हणजे ८ मीटर घेराच्या कलमाला २४ मिली. हे पाण्यात मिसळून, बुंधा आणि घेराची कड यांच्या मधोमध गोलाकार २५-३० छोटे खड्डे १०-१२ सेंटिमीटर खोल मारून त्यात सारखं ओतायचं. वेळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट. झाड १० वर्षांच्या पुढचं आणि तब्येतीने चांगलं हवं, आणि ज्या वर्षी कल्टार घालाल त्या वर्षी शेणखत-खताचा हात सैल हवा, कारण झाडाकडून जास्तीचं काम करून घेताय.

तीन वर्षांच्या करारवाल्याला चौथ्या वर्षीचं काही देणंघेणं नसतं. दुप्पट, तिप्पट घालतो, मोजत नाही, खत घालत नाही. वर ते औषध मातीत पुढचे कित्येक महिने राहतं, दरवर्षी त्यावर आणखी पडतं. पाऊस लागायच्या आत सही हवी असते ती यासाठी. जुलै-ऑगस्ट हातात हवा. सगळेच असे नसतात. आमच्या शेजारच्या वाडीत एक करारदार २० वर्षं एकाच घराच्या बागा करतोय आणि झाडं माझ्याहून बरी आहेत. पण तो माणूस रोज दिसतो, गावात राहतो, त्याची पोरं त्याच शाळेत जातात. फरक तिथे पडतो. कधी द्यावीच लागली तर करार एका वर्षाचा करा, कल्टार कोणाच्या समोर आणि किती घालायचं ते कागदावर लिहून घ्या, आणि त्या दिवशी स्वतः हजर राहा.

आता पावसाळ्यात करायचं काय? तीन कामं.

पहिलं बेणणी. आषाढात रानमोडी नि गवत कमरेएवढं होतं. ते पावसाच्या शेवटाला कापून बुंध्याभोवती, पण खोडाला न चिकटवता, पसरून टाकायचं. जाळायचं नाही. सड्यावर माती हातभर, तीही वाहून जाणारी. पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि दिवाळीनंतर जमीन ठणठणीत कोरडी. जो ओलावा राहतो तो या कुजणाऱ्या गवताखाली.

दुसरं बांडगूळ. तुम्ही बागेत गेलात तर नवख्या डोळ्याला ते कळणारही नाही, कारण लांबून ते आंब्याचीच फांदी वाटतं. पान थोडं जाड, राखी झाक असलेलं, आणि फुलं नारिंगी, लांबट नळीसारखी. फुलटोचा नावाचा अंगठ्याएवढा पक्षी त्याची फळं खातो. बी इतकी चिकट की पक्ष्याला ती ढुंगण फांदीवर घासूनच सोडवावी लागते. मी एकदा मांगराच्या, म्हणजे बागेतल्या खोपटाच्या, पायरीवर बसून हे बघितलंय, तो पक्षी फांदीवर आडवा सरकत सरकत जातो आणि मागे बियांची माळ चिकटत जाते. तिथे ती रुजते आणि कलमाच्या फांदीत मूळ घालून आयुष्यभर त्याचं पाणी पिते. बांडगूळ नुसतं ओरबाडून उपयोग नाही, पुन्हा फुटतं. जिथे चिकटलंय त्या गाठीच्या वीतभर खालून ती फांदीच कापायची आणि घावाला बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, लावायची. फळं धरायच्या आत कापलं तर पुढच्या वर्षीचं काम निम्मं होतं. जिथे कोणी राहत नाही अशा बागा लांबून ओळखता येतात, त्यांत बांडगूळ आंब्याहून जास्त असतं.

तिसरं भिरूड, म्हणजे खोडकिडा. याच्यासाठीच सासरे खालसून बघ म्हणायचे. बुंध्याजवळ, फांदीच्या बेचक्यात कुठे लाकडाचा ओलसर भुसा दिसतोय का, साल कुठे काळी पडून चीक गळतोय का. भुसा ताजा असेल तर आत अळी जिवंत आहे. साल चाकूने थोडी तासायची, भोक सापडलं की सायकलचा जुना स्पोक पुढे किंचित वाकवून आत घालायचा आणि हळू फिरवायचा. हाताला कळतं. लाकूड लागलं तर स्पोक अडतो, अळी लागली तर मऊ जाणवतं. मग ओढायचा. बोटाएवढी पांढरी, तपकिरी डोक्याची अळी बाहेर येते. पहिल्यांदा मला शहारे आले होते. आता एक निघाली की बरं वाटतं, एक कलम वाचलं. स्पोक पोचत नसेल तर कीटकनाशकात बुडवलेला कापूस आत कोंबून भोक चिखलाने लिंपायचं. एवढ्याशा कामाने ४० वर्षांचं झाड राहतं, आणि न केल्याने उभं वाळून जातं. डोंबिवलीतून हे दिसणार नाही. फोनवरून तर नाहीच.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते शिकवणारे खूप भेटतील. ऑक्टोबरपर्यंत पालवी जून झाली पाहिजे. दिवाळीच्या सुमाराला अवेळी पाऊस झाला की नवी पालवी फुटते आणि मोहोर महिनाभर मागे जातो, त्याला इलाज नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात रात्री गारवा पडला की मोहोर. मग कीड नि रोग: तुडतुडे, भुरी, करपा आणि अलीकडे फुलकिडे. फवारणीचं वेळापत्रक विद्यापीठ दरवर्षी काढतं, ते मिळवा आणि त्याबाहेर जाऊ नका. खर्चाचा मोठा वाटा फवारणी आणि मजुरी खाऊन टाकते, आणि दुकानदाराने सांगितलेलं प्रत्येक औषध मारत सुटलात तर उरलेलंही जाईल. एकाच जातीचं कडक औषध पुन्हा पुन्हा मारल्याने मित्रकिडे मरतात आणि फुलकिडे दुप्पट जोमाने येतात, हे आम्ही सगळ्यांनी पैसे भरून शिकलोय. फळ वाटाण्याएवढं झाल्यापासून पाण्याची सोय असेल तर १५ दिवसांनी झाडाला १५० ते २०० लिटर द्या, काढणीच्या महिनाभर आधी बंद करा.

एक गोष्ट मात्र नीट सांगते, कारण ती हमखास चुकते. तुमच्या गडग्याच्या कडेला दोन-चार रायवळ किंवा पायरीची झाडं असतील. नवा मालक पहिलं काय करतो तर ‘याला भाव नाही’ म्हणून ती तोडतो. तोडू नका. हापूस स्वतःच्या परागाने नीट धरत नाही. बागेत दहातलं एखादं झाड दुसऱ्या जातीचं असावं लागतं. आणि पराग नेणाऱ्यांत मधमाश्यांइतक्याच साध्या माश्या कामाच्या. मोहोरात मी बागेच्या चार कोपऱ्यांत फुटक्या बादलीतून मासळीची घाण ठेवते. वास येतो, पाहुणे नाक मुरडतात, मी बादली हलवत नाही. मोहोर पूर्ण फुललेला असताना फवारणी टाळायची तीही या माश्यांसाठी.

काढणी. हापूस झाडावर पिकू द्यायचा नसतो. १४ आणे तयार झाला की उतरवायचा. देठाजवळ खळगा पडून खांदे वर आले, गडद हिरवा रंग पोपटीकडे वळला, एखादा पाडाचा, म्हणजे झाडावरच पिकलेला, आंबा खाली आला, की झाड तयार. जास्त थांबलात तर साका. वरून सोन्यासारखा आंबा आणि कापला की आत पांढरट, स्पंजासारखा, आंबूस गर. कापल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे नाव बागायतदाराचं जातं. तापलेल्या कातळाची धग आणि उशिरा काढणी या दोन्हींनी तो वाढतो. म्हणून सकाळी १० च्या आत किंवा ४ नंतर उतरवा, नूतन झेल्याने (आंबा उतरवायच्या जाळीच्या काठीने), देठ दोन बोटं ठेवून. देठ तुटला की चीक फळावर ओघळतो आणि तिथे काळा डाग पडतो. उतरवलेला आंबा लगेच सावलीत. फळमाशीसाठी हेक्टरी ४ रक्षक सापळे आधीच टांगलेले असू द्यात. पिकवायला भाताचा पेंढा आणि आढी, कार्बाइडचं नाव काढू नका.

आणि हे सगळं करूनही हातचं जाऊ शकतं, हे आत्ताच सांगून ठेवते. १६ मे २०२१, रविवार. तौक्ते वादळ किनाऱ्याला लागून वर गेलं तेव्हा आमचा निम्मा आंबा झाडावर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत पाय ठेवायला जागा नव्हती, सगळा हिरवा सडा. पडून फुटलेला कच्चा आंबा कॅनिंगवालाही घेत नाही. गड्यांनी आणि मी दोन दिवस तो नुसता गोळा केला आणि खड्ड्यात भरला. अशा वर्षाची तजवीज तुमच्या नोकरीच्या पगारातून होऊ शकते, हा तुमचा फायदा आहे. तो कमी समजू नका. ज्यांचं घर फक्त बागेवर चालतं त्यांना बाजारातून आगाऊ उचल घ्यावी लागते, आणि मग आंबा कोणाला कोणत्या भावाने घालायचा ते त्यांच्या हातात राहत नाही.

गावाचंही सांगायला हवं, कारण तुम्ही बाग विचारलीत तरी तुम्हाला गावातच यावं लागणार. आमच्या वाडीत २३ घरं. पावसाळ्यात दिवा लागतो तो ९ घरांत. गडी मिळत नाही ही ओरड खरी आहे, कारण गडी होते ती घरंच मुंबईला गेली. राखणीला नेपाळातून माणसं येतात, त्यांना सगळा तालुका गुरखे म्हणतो. आमच्याकडे जे नवरा-बायको येतात ते १४ वर्षं येताहेत. दसऱ्यानंतर येतात, जूनमध्ये जातात. माकडांच्या मागे तो कातळावरून अनवाणी धावतो. त्याच्या मुलीने पहिली अक्षरं इथल्या मराठी शाळेत गिरवली. हंगामाच्या आधी आम्ही बागेच्या देवाला राखण, म्हणजे त्याचा मान, देतो, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो, तेव्हा तोही हात जोडून उभा असतो आणि ‘होय म्हाराजा’ सगळ्यांत मोठ्याने म्हणतो.

श्रावणात मात्र एकदा याच, आंबा नसताना. वर्षातले आठ महिने जो सडा काळा, भाजलेला दिसतो, तो तेव्हा फुलांनी भरलेला असतो. गेंदाची पांढरी बटणं, तेरडा, आणि पाणथळ खळग्यांत सीतेची आसवं, निळीजांभळी, नखाएवढी. टिटवी डोक्यावर ओरडत राहते. माझे पाय आता दुखतात, तरी त्या दिवसांत मी रोज एक फेरी मारते. सड्यावर कोणी नसतं. भुसा कुठे पडलाय ते बघत बघत मी फुलंही बघून घेते.

तर तुम्ही असं करा. १२० पैकी घराजवळची ५० कलमं स्वतःकडे ठेवा. उरलेली गावात राहणाऱ्या माणसाला वाट्याने द्या. रोख करारापेक्षा वाटा बरा, कारण झाड बिघडलं तर त्याचंही नुकसान असतं. वाटा किती, खर्च कोणाचा, हे दोन साक्षीदारांपुढे लिहून ठेवा. स्वतः वर्षातून पाच खेपा करा: आषाढात, गणपतीला (ते तुम्ही येताच), दिवाळीनंतर, मोहोरात आणि काढणीला. पहिल्या वर्षी आंबा ओळखीच्यांनाच पेटीने द्या. २०१८ पासून हापूसला भौगोलिक मानांकन आहे, त्यात तुमच्या बागेची नोंद करून घ्या. परराज्यातला आंबा देवगडच्या नावाने खपवला जातो, तिथे ती नोंद उपयोगी पडते. दोन हंगाम असे गेल्यावर विकायची की नाही ते ठरवा. तेव्हा तुम्हाला माझ्या उत्तराची गरज लागणार नाही.

आणि आईला बागेतून बाजूला ठेवू नका. प्रत्येक घरात कलमांना नावं असतात. आमच्याकडे ‘विहिरीवरचं’, ‘वाकडं’, ‘आत्याचं’, ‘उशिराचं’ अशी आहेत. कोणतं आधी मोहोरतं, कोणत्यात साका निघतो, कोणत्याला वीज लागली होती, हे तुमच्या आईला माहीत असणार. वडिलांनी लिहून ठेवलं असेल असं मला वाटत नाही, आमच्याही सासऱ्यांनी नव्हतं ठेवलं. पाऊस लागायच्या आत दोन दिवस रजा काढा. आईला पुढे चालू द्या, तुम्ही वही घेऊन मागे. ती नाव सांगेल ते लिहा आणि त्याच नावापुढे नंबर टाका. नंबर खोडावर पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवा, छातीएवढ्या उंचीवर, पूर्वेच्या बाजूला. पश्चिमेकडून पाऊस मारतो, तिकडचा रंग दोन वर्षांत जातो.